पाटी कोणी काढली?

'हिडन फिगर्स' हा नासातल्या कृष्णवर्णीय गणिती बायकांवरचा पिक्चर बघितलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं, तर बहुतेक जण केव्हिन कॉस्टनरचा तो सीन सांगतात. नासाचा गोरा बॉस हातात पहार घेऊन येतो आणि कृष्णवर्णीय बायकांच्या टॉयलेटवरची पाटी ठोकून ठोकून खाली पाडतो, बाकी सगळे बघत उभे. मलाही काटा आला होता अंगावर, खोटं कशाला बोलू. पण मग ज्यावरून पिक्चर काढलाय ते मार्गो ली शेटरलीचं पुस्तक हातात आलं आणि थोडं इकडे तिकडे वाचलं तर कळलं की असा कुणी बॉस नव्हताच, दोन-तीन साहेब मिसळून बनवलेलं पात्र आहे ते, आणि अशी पाटीबिटी कुणी फोडली नाही. पिक्चरची नायिका कॅथरीन जॉन्सन लांबच्या टॉयलेटकडे पळत जाताना दाखवलीय, खऱ्या कॅथरीन तर तिकडे जायच्याच नाहीत. जवळ जे होतं ते वापरायच्या, आणि नंतर कुणीतरी कुरकुर केली तर तिकडे सरळ दुर्लक्ष केलं त्यांनी.

पाटी काढल्याची एक खरी गोष्ट आहे पण, आणि ती पुस्तकात आहे. व्हर्जिनियातली लँग्ली ही विमान-संशोधनाची प्रयोगशाळा (पुढे नासात गेली ती), १९४३ च्या आसपास, युद्ध चालू, माणसं कमी पडतायत म्हणून गणित येणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना पहिल्यांदा तिथे आकडेमोडीच्या कामावर घेतलेलं. काम तेच, डिग्र्या तशाच, पण कॅन्टीनमध्ये त्यांचं टेबल सगळ्यात मागे आणि त्यावर वेगळेपण सांगणारी एक पुठ्ठ्याची पाटी. त्यांच्यातल्या मिरियम मॅन नावाच्या बुटक्याशा बाईंनी एक दिवस ती पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. थोड्या दिवसांनी नवीन पाटी आली, तीही पर्समध्ये. घरी नवऱ्याला धास्ती की या पाटीपायी नोकरी जाणार हिची. बाई काही थांबल्या नाहीत आणि शेवटी युद्ध संपायच्या आतच पाटी यायची बंद झाली.

हा सीन पिक्चरमध्ये नाही!! मला याचंच आश्चर्य वाटतं, म्हणजे इतका सुंदर आयता सीन हाताशी असताना पहारवाला साहेब कशाला लिहायचा? पण पिक्चरला एक मोठा दणका लागतो, तो एका झटक्यात व्हावा लागतो, आणि तो द्यायला शक्यतो कुणीतरी मोठा माणूस लागतो. पर्समध्ये जाणाऱ्या पाट्यांना दणका कुठला.

तारखांचा घोळ मी माफ करते, दोन तासांत किती बसवणार. याच बायकांतल्या डोरोथी वॉन १९४९ मध्येच सेक्शनच्या हेड झाल्या होत्या, पिक्चरमध्ये त्या १९६१ मध्येही त्यासाठी झगडतायत. अंतराळवीर जॉन ग्लेनने उड्डाणाचे आकडे कॅथरीनकडून तपासून घ्यायला सांगितले हे खरं, पण ते ऐनवेळी रॉकेटशेजारी वगैरे नाही, आधीच, आणि कॅल्क्युलेटरच्या मशीनवर दीड दिवस बसून केलेलं काम ते. दीड दिवस आकडे ठोकणारी बाई कोण दाखवणार पडद्यावर!

पुस्तक मात्र सोपं नाही हं, आधीच सांगते. नावं खूप, विमानांची माहिती खूप, मधे मधे मी चक्क पानं उलटली. पण त्यांच्यातल्याच मेरी जॅक्सनचा भाग सोडू नका. इंजिनिअर व्हायला जे क्लास हवे होते ते गोऱ्यांच्या शाळेत भरायचे, तिथे बसायला शहराची खास परवानगी काढावी लागली, आणि एवढं करून आत पाऊल टाकलं तर ती शाळा म्हणजे जुनी पडकी इमारत. यासाठी अडवत होते त्यांना?

मग मला नादच लागला असं ताडून बघायचा. 'आयर्न जॉड एंजल्स' (२००४, हिलरी स्वँक) बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यावर आहे, १९१७ मध्ये व्हाइट हाउससमोर उभ्या राहिल्या म्हणून जेलमध्ये टाकलेल्या बायका, उपोषण, नळीने जबरदस्तीने घातलेलं खाणं, ते सगळं बघवत नाही इतकं चांगलं केलंय. पण लढ्याची पुढारी अ‍ॅलिस पॉल, तिला एक देखणा व्यंगचित्रकार बॉयफ्रेंड दिलाय, पूर्णपणे काल्पनिक. आणि गंमत बघा, त्या चळवळीच्या पेपरची खरी व्यंगचित्रकार होती नीना अ‍ॅलेंडर, बाईच! पात्र तयार होतं, फक्त प्रेमात पाडता आलं नसतं एवढंच.

'अ लीग ऑफ देअर ओन' माझा लाडका, त्याला नावं ठेवायला जीव होत नाही. १९४३ ते ५४ चाललेली बायकांची बेसबॉल लीग, स्कर्ट घालून घसरायचं आणि मांड्या सोलवटून घ्यायच्या. त्यात काही सेकंदांचा एक सीन आहे, बाहेर गेलेला बॉल एक कृष्णवर्णीय बाई उचलते आणि असा काही फेकते की बघणाऱ्या गप्प. बस, संपलं. त्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हती. मेमी जॉन्सन ट्रायलला गेल्या तर घेतलंच नाही, मग १९५३ पासून त्या निग्रो लीगमध्ये (कृष्णवर्णीय खेळाडूंची वेगळी लीग) इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांना बॉलिंग करायला लागल्या, म्हणजे बेसबॉलमधलं पिचिंग. यांच्यावर अख्खा पिक्चर कुणी काढेल तर पहिल्या दिवशी जाईन.

आणि फ्रान्सिस पर्किन्स! १९११ ची न्यूयॉर्कची ट्रँगल फॅक्टरीची आग डोळ्यांनी बघितली, १४६ कामगार गेले त्यात, बहुतेक तरुण मुली. १९३३ मध्ये हीच बाई अमेरिकेची पहिली महिला कॅबिनेट मंत्री झाली, कामगार खातं बारा वर्षं सांभाळलं, सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे म्हातारपणी पेन्शन वगैरे देणाऱ्या कायद्यामागे ती होती. तिच्यावर चरित्रं आहेत, पण पिक्चरमध्ये मला ती भेटली कुठे, तर 'डर्टी डान्सिंग'मध्ये. त्यातली नायिका बेबी आपलं खरं नाव सांगते ना, फ्रान्सिस, पहिल्या महिला मंत्र्यावरून ठेवलंय म्हणून. एक वाक्य, आणि लगेच पुढे डान्स.