तुम्ही विचारलंत म्हणून : हा पियानो किती सालचा?

जुना उभा पियानो घ्यायचं मनात असतं, किंवा नात्यातल्या कुणाकडून तो घरी आलेला असतो. मग मला फोटो येतो : समोरून काढलेला, झाकण बंद, वर फुलदाणी. खाली एकच ओळ असते, ‘हा कोणता पियानो, आणि किती सालचा?’ पियानोचे सूर लावते म्हटल्यावर हा प्रश्न येणारच, आणि मला तो आवडतोही. पण त्या फोटोवरून उत्तर देता येत नाही. फुलदाणी उतरवा आणि वरचं झाकण उघडा, कारण वय आत असतं.

पट्ट्यांच्या वर सोनेरी अक्षरांत जे नाव आहे, त्याच्यावर मी सगळ्यात शेवटी विसंबते. पूर्वी कित्येक कारखाने विक्रेत्याला हवं ते नाव घालून पियानो बनवून देत. एकाच कारखान्यातले दोन पियानो दोन वेगळ्या नावांनी नांदत असतात. आतलं नावही फसवू शकतं. ‘श्वांडर’ असं वाचून ‘आमचा पियानो श्वांडरचा’ असं मला अनेकांनी कळवलंय. श्वांडर हे पॅरिसमधले अ‍ॅक्शन बनवणारे, म्हणजे हातोड्यांची यंत्रणा पुरवणारे. तीच यंत्रणा अनेक कंपन्यांच्या पियानोत सापडते.

खरा धागा म्हणजे अनुक्रमांक. आत पाहिलंत तर तारा ज्यांना गुंडाळलेल्या असतात त्या खुंट्या दिसतील आणि त्यांच्याभोवती बिडाची चौकट. क्रमांक बहुधा तिथेच, चौकटीवर किंवा लगतच्या लाकडावर ठोकलेला वा रंगवलेला असतो. कधी पाठीमागेही असतो. चार ते सात आकडी. पण नुसता क्रमांक कामाचा नाही. प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी, आणि ती एकपासून सुरू झालेली असेल असंही नाही. स्टाइनवेने १८५३ मध्ये न्यूयॉर्कला कंपनी काढली तेव्हा पहिल्याच पियानोचा क्रमांक ४८३ होता. त्यांचा एक लाखावा पियानो १९०३ मध्ये व्हाइट हाउसला गेला, तीन लाखावा १९३८ मध्ये. असे टप्पे जोडून कंपन्यांच्या क्रमांकांच्या याद्या तयार झाल्या आहेत. नाव आणि क्रमांक जुळले की साल हाती लागतं, एखाद-दोन वर्षांच्या फरकाने.

आत इतर आकडेही असतात आणि तिथेच माणसं चुकतात. चौकटीतच ओतलेले, उठावाचे आकडे बहुधा साच्याचे असतात. पेटंटची सालं असतात, प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांची असतात. अशा सालावरून एवढंच ठरतं की पियानो त्याच्या आधीचा नाही. मी स्वतः एका कुटुंबाला पदकाखालचं ‘पॅरिस १८७८’ पाहून ‘तेव्हाचाच असावा’ असं सांगितलं होतं. काही महिन्यांनी दुरुस्तीसाठी पट्ट्या बाहेर काढल्या. अगदी डावीकडच्या पट्टीच्या लाकडावर, कडेला, पेन्सिलने बारीक अक्षरात तारीख लिहिलेली होती : १९०४. ज्या कामगाराने त्या पट्ट्या बसवल्या, त्याचंच ते अक्षर असावं. त्या घरी जाऊन माझं आधीचं उत्तर मागे घेतलं. तेव्हापासून पदकावरून मी कुणाला साल सांगत नाही, आणि पट्ट्या निघाल्या की आधी ती कड पाहते. सूर लावून गेलेल्या माणसांच्या सह्या आणि तारखाही तिथे किंवा आतल्या फळ्यांवर सापडतात. अशी तारीख पियानोच्या जन्माची नसते, पण त्या दिवशी तो होता याचा पुरावा असते.

क्रमांक पुसला गेला असेल तर बांधणी वाचायची. पुढची फळी काढल्यावर हातोड्यांसमोर उभ्या तारांचा पिंजरा दिसला, तर तार गप्प करणाऱ्या नमद्याच्या गाद्या हातोड्यांच्या वर आहेत. ही रचना एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या इंग्लिश आणि जर्मन पियानोंत खूप आढळते. गाद्या तारेच्या टोकाजवळ पडतात, तिथे कंप कमी, म्हणून सूर पटकन थांबत नाही, मागे रेंगाळतो. त्यातच सगळ्या तारा एकमेकींना समांतर असतील, खर्जाच्या तारा बाकीच्यांवरून तिरप्या गेलेल्या नसतील, आणि पट्ट्या ८८ ऐवजी ८५ असतील, तर मी तो पियानो शंभरीपलीकडचा धरून चालते. यातलं एकटं लक्षण मात्र पुरेसं नसतं.

पांढऱ्या पट्टीवर काळ्या पट्ट्यांच्या टोकापाशी आडवी बारीक जोडरेघ आणि पृष्ठभागावर नाजूक रेषा असतील तर बहुधा हस्तिदंत. पट्ट्यांचा वरचा थर बदलता येतो, म्हणून वयासाठी मी त्यावर फारसा भर देत नाही. पण हस्तिदंत असेल तर असा पियानो विकण्याआधी किंवा देशाबाहेर नेण्याआधी नियम जरूर पाहा. आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधनं आहेत.

प्रकार उंचीवरून कळतो. ३६ ते ४० इंच म्हणजे स्पिनेट. तो अमेरिकेत १९३० च्या दशकात पसरला. त्याची यंत्रणा पट्ट्यांच्या पातळीखाली असते, म्हणून दुरुस्ती किचकट. त्याहून उंच कन्सोल, मग ४५ ते ४८ इंचांचा स्टुडिओ, आणि त्यापुढे पूर्ण अपराइट.

एक प्रकार मात्र मला फार आवडतो. पुढच्या फळीत सरकणारी छोटी दारं आणि खाली पायांजवळ दुमडून आत जाणाऱ्या पेडल्सची जागा दिसली, की समजावं, हा कधी काळी कागदी गुंडाळीवरून आपोआप वाजणारा पियानो होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत ते जोरात होते. पुढे पुष्कळांतली यंत्रणा काढून टाकली गेली, पण पेटीची खोली तेवढीच राहिली.

तेव्हा पुढच्या वेळी तीन फोटो पाठवा : वरून झाकण उघडून घेतलेला, क्रमांकाचा जवळून, आणि पुढची फळी काढून हातोड्यांचा. उंची इंचांत मोजून लिहा. पट्ट्या मात्र तुम्ही काढू नका. सूर लावायला कुणी आलं की पहिल्या पट्टीची कड बघायला सांगा, आणि तिथे काय लिहिलंय ते मलाही कळवा.