आंटींनी माझं पोस्टर परत लिहायला लावलं

सिडनीत एका वृद्धाश्रमात मी केअरर आहे, नऊ वर्षं झाली. 27 मेला आमच्याकडे रिकन्सिलिएशन वीकचा (मूळ रहिवासी आणि बाकी ऑस्ट्रेलियन यांच्यात सलोखा व्हावा म्हणून पाळतात तो आठवडा) चहा असतो, यंदा पोस्टरचं काम माझ्याकडे होतं. मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 1967 च्या सार्वमताने अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांना मताचा हक्क मिळाला. मला खरंच तसंच वाटायचं.

सकाळी आंटींना व्हीलचेअरवर हॉलमध्ये आणलं (अ‍ॅबोरिजिनल ज्येष्ठ बाईंना इथे सगळे मानाने आंटीच म्हणतात). त्यांनी पोस्टर नीट वाचलं आणि म्हणाल्या, पोरी हे चुकलंय. केंद्राच्या निवडणुकीत मत 1962 लाच मिळालं होतं. 67 ला घटनेतलं 127 वं कलम गेलं, ज्यात लिहिलेलं की देशाची लोकसंख्या मोजताना आम्हाला धरायचं नाही, आणि 51 व्या कलमातले काही शब्द गेले ज्यामुळे आमच्यासाठी कायदे करायला केंद्राला आडकाठी होती. "मी इथेच जन्मले गं, पण त्यांच्या मोजणीत नव्हते." मला काही बोलताच येईना.

मग त्यांनीच विचारलं, जेसी स्ट्रीट माहितीये का, तुमच्या रांचीत जन्मली ती, 1889 ला. मला नव्हतं माहीत! बायकांना समान पगार मिळावा म्हणून आयुष्यभर भांडलेली बाई, 1945 ला सॅन फ्रान्सिस्कोला युनोची सनद ठरली तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या टीममधली एकटी बाई. घटनाच बदलल्याशिवाय काही होणार नाही हे तिने या हक्कांसाठी लढणाऱ्या फेथ बँडलरला पटवून दिलं आणि त्यासाठी सार्वमत घ्या, अशा अर्जाचा मसुदाही स्वतः केला. एप्रिल 1957 ला सिडनी टाऊन हॉलमध्ये तो अर्ज लोकांपुढे आला, त्यानंतर सार्वमत व्हायला दहा वर्षं गेली. दहा वर्षं! तरुणपणी आंटी तेच कागद घेऊन दारोदार फिरलेल्या, काही दारं तोंडावर बंद झाली तरी पुढच्या घरी जायच्या. शेवटी 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी हो म्हटलं, सहाच्या सहा राज्यांत.

दुपारी चहाच्या आधी नवीन पोस्टर केलं. मी जेसीचं नाव सगळ्यात वर लिहायला लागले तर आंटींनी हात धरला. आधी पर्ल गिब्ज लिही, ती आमची, कितीतरी आधीपासून लढत होती. मग फेथ. मग जेसी.

त्याच क्रमाने लिहिलं. आंटींनी चष्मा लावून तिन्ही नावांची स्पेलिंग तपासली, मगच चहा घेतला.