स्टिकर घातलेला थेंब

नाशकात द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतही बोलणं बागेवर येतं. माझ्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थिनीचे वडील निफाडकडचे बागायतदार. लेकीचा प्रकल्प बघायला ते कॉलेजात आले, आणि नेमका त्याच दिवशी आमचा पापुद्रा मनासारखा चालत होता.

पापुद्रा म्हणजे चुंबक लावला की पाण्याचा थेंब सोडून देणारा रबराचा पातळ थर. तो कसा बनतो, ते आधी सांगते. द्रवरूप सिलिकॉन रबरात कार्बोनिल लोखंडाची पूड मिसळायची. कण अवघे काही मायक्रॉनांचे. हे लोखंड चुंबकाच्या सान्निध्यात स्वतः चुंबक होतं आणि चुंबक लांब नेला की ते चुंबकत्व जवळजवळ सगळं सोडून देतं. म्हणून त्याला मृदू चुंबकीय म्हणतात. मिश्रण विद्रावकात पातळ करून निओडिमियम चुंबकावर ठेवलेल्या काचेवर फवारलं की कण ओळी धरून उभे राहतात आणि रबराचे बारीक काळे केस वर येतात. ते ओव्हनमध्ये घट्ट करायचे, वर जलरोधी सिलिकेचा पातळ लेप द्यायचा. रबर ओलं असताना मात्र फार जपावं लागतं. ते घट्ट करणारं उत्प्रेरक प्लॅटिनमचं, आणि गंधकाशी त्याचं हाडवैर. गंधकाचा अंश लागला तर रबर चिकटच राहतं. द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी गंधक मारून थेट बागेतून आलेल्या माणसाला म्हणूनच आम्ही आधी बेसिनकडे नेलं. काकांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले.

मग लेकीने पिपेटने 10 मायक्रोलिटर पाणी सोडलं. अडीच मिलिमीटरांहून थोडा मोठा थेंब. काच तिरकी केली, थेंब जागचा हलला नाही. चुंबक नसताना ते मऊ केस आडवे पडलेले असतात आणि थेंबाला कडेने धरून ठेवतात. तिने खालून चुंबक आणला. भिंगातून स्पष्ट दिसलं: केस एकापाठोपाठ उठले, थेंब त्यांच्या टोकांवर उचलला गेला, त्याच्या पोटाखाली उजेड दिसू लागला, आणि तो घरंगळत थेट टिपकागदावर गेला.

मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, तरी त्या उजेडाच्या फटीकडे बघताना दरवेळी अंगावर काटा येतो.

काका म्हणाले, “मॅडम, चुंबकाने पाणी ओढलं का?”

प्रश्न अगदी रास्त होता. पाण्याला चुंबक ओढत नाही, उलट अतिशय क्षीणपणे दूरच लोटतो. इथे तो फक्त लोखंड भरलेल्या केसांना उभं करतो. पाण्याला कळतं ते एवढंच, की खालची जमीन बदलली. अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, तेही पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे आणि त्यांच्यावरच्या मेणामुळे. थेंब उंचवट्यांच्या टोकांवर बसतो, मधल्या फटींत हवा राहते. पान ही सोय बंद करू शकत नाही, आमचा पापुद्रा करू शकतो.

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आमचं उलटं आहे. घडावर औषध मारलं की थेंब मण्यावरून खाली पडतो. म्हणून औषध चिकटून पसरावं यासाठी पाण्यात स्टिकर टाकतो. तुमच्या यावर स्टिकरचं पाणी टाकून बघितलं का?”

नव्हतं बघितलं. गाडीत त्यांच्याकडे सिलिकॉनवाल्या स्टिकरची, म्हणजे स्प्रेडरची, बाटली होतीच. लेकीने फवारणीच्या प्रमाणात द्रावण केलं. या वेळी चुंबक आधीपासून खाली ठेवला होता, केस ताठ होते. थेंब टेकला आणि क्षणात केसांच्या मुळांशी उतरून पसरला. चुंबक काढला, परत लावला, बाजूने फिरवला. केस हलत होते, ओला डाग तिथेच होता.

कारण फळ्यावर मांडताना वेन्झेल या शास्त्रज्ञाचा 1936 सालचा नियम कामी आला. सपाट पृष्ठभागावर द्रवाचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन, 90 अंशांहून जास्त असेल तर खडबडीतपणा तो आणखी वाढवतो, कमी असेल तर आणखी घटवतो. साध्या सिलिकॉन रबरावर पाण्याचा कोन 105 ते 110 अंश. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोल धरून ठेवणारी ओढ, मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, या जातीचा स्प्रेडर तो 22च्या आसपास आणतो. मग कोन नव्वदच्या खूप खाली जातो, आणि ज्या केसांनी पाणी वर उचललं तेच केस हे द्रावण आत शोषून घेतात. चुंबक पृष्ठभागाचा आकार बदलतो, द्रवाचा स्वभाव नाही. आमच्या प्रकल्पाच्या आराखड्यात तोवर सगळी चाचणी शुद्ध पाण्याचीच होती. रक्त, दूध, साबणाचं पाणी, औषधाचं पाणी यांपैकी कशाचाच पृष्ठताण शुद्ध पाण्याइतका नसतो. थेंब इकडून तिकडे नेणारा पापुद्रा कुणाला वापरायचा असेल, तर त्याच्याकडे असलेच द्रव असणार. हा प्रश्न प्रकल्पाच्या केंद्रस्थानी हवा होता, आणि तो बागेतून आला.

आता आम्ही पाण्यात अल्कोहोलचं प्रमाण थोडं थोडं वाढवत पृष्ठताण खाली आणतो आहोत आणि थेंब कुठल्या टप्प्यावर सुटायचा थांबतो ते नोंदवतो आहोत. काकांचा मात्र आणखी एक प्रश्न आहे. मण्यावरची पांढुरकी मेणचट झाक मणी लहान असताना वेगळी आणि पिकायला लागून मण्यात पाणी उतरल्यावर वेगळी, मग स्टिकर दोन्ही वेळा सारखाच का टाकायचा? स्पर्शकोन मोजायचा कॅमेरा आमच्याकडे आहे. घडाला हात न लावता देठाने तोडून आणा, एवढं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.