लोकरीच्या फेल्टवर चार नवे टाके

साखळी, उलटी टीप आणि काजटाका मला येत होते. बुलियन नॉट (वेढ्यांची लांबट गाठ), फ्रेंच नॉट (छोटी गोल गाठ), विणलेला गुलाब आणि फ्लाय स्टिचचं (Y आकाराच्या टाक्यांचं) पान हे चार टाके शिकण्यासाठी मी लोकरीच्या फेल्टचं, म्हणजे न विणता तंतू दाबून केलेल्या कापडाचं, सुया ठेवायचं छोटं पाकीट करायला घेतलं. फेल्टच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे दुमड घालावी लागत नाही. चुकलेला टाका उसवून सुईच्या टोकाने तंतू हलकेच सारखे केले की भोकही बुजतं. शिकणाऱ्याला याहून सोयीचं कापड नाही.

फेल्ट खरंच लोकरीचा आहे ना, ते आधी पाहिलं. दोनचार तंतू चिमट्यात धरून जाळले, तर लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे चुरडता येणारी राख राहते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो. असा फेल्ट इस्त्रीखाली टिकत नाही.

बाहेरचा तुकडा 16 × 9 सेंमीचा हवा होता, पण कापला 18 × 11चा. भरताने कापड थोडं आत ओढलं जातं, म्हणून माप भरतकाम झाल्यावरच पक्कं करायचं. कापड ताणून धरणारी रिंग लावली नाही. जाड फेल्ट हातात नीट धरता येतो आणि रिंगचा वळ त्यावरून सहजी जात नाही. लोकरीवर पेन्सिल उमटत नाही, म्हणून नक्षी पातळ टिश्यू पेपरवर काढली, तो कागद मोठ्या धावदोऱ्याने टाचला आणि त्याच्यावरूनच भरलं. कागद शेवटी फाडून काढायचा. अडकलेले कपटे चिमट्याने निघतात, मात्र फ्रेंच नॉटखालचे निघता निघत नाहीत. त्या जागी कागद आधीच फाडून घेतलेला बरा.

फ्लाय स्टिचचं पहिलं पान पूर्ण फसलं. सुती कापडावर दोन पदरी दोरा पुरेसा असतो, तोच इथे वापरला आणि नेहमीच्या सवयीने टाका ओढून घेतला. लोकर दोरा गिळते. टाके खाली बसले आणि पानाच्या जागी नुसत्या खाचा उरल्या. ते उसवून 8 नंबरचा पर्ल कॉटन, म्हणजे पीळदार जाडसर सुती दोरा घेतला, हात सैल ठेवला. टाका कापडावर टेकला की थांबायचं, रुतेपर्यंत ओढायचं नाही. या कामात हा एकच धडा खरा महत्त्वाचा, बाकीचे टाके त्याच्यावरच उभे आहेत. दोरा हातभर, साधारण 45 सेंमी घ्यावा. त्याहून लांब घेतला तर फेल्टमधून पुन्हापुन्हा जाऊन त्याची चमक जाते. सुई शेनिल, 22 नंबरची, टोकदार आणि मोठ्या नेढ्याची.

बुलियनसाठी मात्र हीच सुई नडली. नेढं रुंद, त्यामुळे सुईवर घेतलेले वेढे तिथेच अटकले आणि जोर लावला तसे आवळले गेले. या टाक्याला मिलिनर सुई हवी, कारण तिची जाडी नेढ्यापर्यंत जवळपास सारखीच असते. सुई वर काढायची, 8 मिमी मागे आत घालून पहिल्या भोकातून अर्धी बाहेर आणायची आणि तिच्यावर दोरा गुंडाळायचा. वेढे मोजत बसू नये. वेढ्यांची रांग टाक्याच्या लांबीइतकी झाली की टाका सरळ बसतो. दोनतीन वेढे जास्त घेतले तर त्याला कमान येते आणि पाकळ्यांना ती हवीच असते. वेढे सुईवर सहज सरकतील इतके सैल ठेवायचे आणि अंगठ्याने दाबून धरून सुई ओढायची. गुंडाळताना दोऱ्याचा पीळ सुटायला लागला तर उलट्या दिशेने गुंडाळून पाहावं. सहावा बुलियन पहिल्यांदा नीट जमला.

विणलेल्या गुलाबाला आरे, म्हणजे मध्यापासून बाहेर जाणारे सरळ टाके, विषमच लागतात. मी 5 घेतले, प्रत्येकी 8 मिमीचे. सम संख्या घेतली तर दोरा दर फेरीत त्याच आऱ्यांवरून जातो आणि विणकाम होतच नाही. एक आरा खाली, एक वर असं फिरताना सुई नेढ्याच्या बाजूने सरकवायची, म्हणजे टोक फेल्टमध्ये घुसत नाही आणि दोराही फाटत नाही. मध्याजवळच्या दोन फेऱ्या घट्ट, पुढच्या सैल, आरे झाकेपर्यंत. सगळ्या घट्ट घेतल्या तर चपटी टिकली तयार होते.

फ्रेंच नॉटला दोन वेढे घेतले; एका वेढ्याची गाठ लोकरीत दिसेनाशी होते. सुई त्याच भोकात परत घालू नये, गाठ मागे निसटते. दोन तंतू सोडून घालावी.

मग तुकडा मापात कापला, मागे तेवढंच अस्तर ठेवलं आणि दोन्ही मिळून कडेने काजटाका घातला, 4 मिमी खोल आणि 4 मिमी अंतरावर. सुरुवातीची गाठ दोन थरांच्या मध्ये दडवली. कोपऱ्यावर एकाच भोकातून तीन टाके काढले, नाहीतर टोक उघडं पडतं. सुया टोचून ठेवायच्या आतल्या पानांसाठी 14 × 7 सेंमीचा तुकडा मधोमध ठेवून घडीच्या रेषेवर उलटी टीप मारली.

शेवटी पाकीट उघडून जाड टॉवेलवर पालथं ठेवलं, वर ओलसर फडकं घातलं आणि इस्त्री न दाबता फक्त वाफ दिली. इस्त्री दाबली असती तर बुलियन आणि गुलाब चपटे झाले असते.