पहिली रोड बाईक: मापापासून त्र्यंबक रोडपर्यंत

फेब्रुवारीत मनाशी पक्कं केलं की पुढच्या वर्षी गोव्याचं ७०.३, म्हणजे आयर्नमनची अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन, करायचं. समुद्रात १.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं, आणि सगळं मिळून साडेआठ तासांत. पोहायला मी शाळेत असल्यापासून जाते, दोन हाफ मॅरेथॉनही झाल्या आहेत. अडलं होतं सायकलपाशी. घरात हायब्रिड आहे, जाड टायरची, पुढे सस्पेन्शनवाली. नाशिकहून त्र्यंबकला जाऊन यायच्या ५६ किमीला तिच्यावर २ तास ५५ मिनिटं लागली. या हिशेबाने ९० किमीला साडेचार तासांच्या वर जाणार, आणि त्यानंतर पायात धावायला काही उरणार नाही.

बजेट ६० हजार. त्यातच सायकल, हेल्मेट, बूट, पंप, सगळं बसवायचं होतं. म्हणजे जुनी घेणं आलं.

मार्च

पहिलीच सायकल बघितली आणि जीव तिच्यावर जडला. पूर्ण कार्बन, शिमानोचा १०५ ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), काळी-लाल, किंमत ५५ हजार. एका बोटाने उचलली जात होती. फ्रेमचा साइज ५४ सेंटीमीटर. माझी उंची १५८ सेंटीमीटर. विकणारा म्हणाला, "मॅडम, स्टेम छोटा टाकून देतो, सीट खाली घेतो, आरामात बसेल." स्टेम म्हणजे हँडलला फ्रेमशी जोडणारा आडवा तुकडा. मी बयाणा द्यायला निघालेच होते.

त्या संध्याकाळी तलावावर आमच्या लेनमधल्या काकांना फोटो दाखवला. साठी ओलांडलेले आहेत, ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करतात. त्यांनी फोटोकडे पाहिलंच नाही, आधी विचारलं, "तुझं इनसीम किती?" इनसीम म्हणजे जांघेपासून जमिनीपर्यंत पायाची आतली लांबी. मला माहीत नव्हतं. "मग अगं, सायकल कसली बघतेस? आधी पाय मोज."

घरी आल्यावर तेच केलं. अनवाणी, भिंतीला टाच आणि पाठ टेकवून उभी राहिले, मुलाचा जाड अ‍ॅटलास दोन पायांमध्ये धरला आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा वर ओढला. मुलाने अ‍ॅटलासच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने खूण केली. तीनदा मोजलं: ७४, ७४.२, ७४. त्याला ०.८८३ ने गुणलं की पॅडलचे दांडे (क्रँक) जिथे जोडलेले असतात त्या मधल्या एक्सलपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंतची उंची मिळते. माझी आली ६५.३ सेंटीमीटर. फ्रेमचा ढोबळ अंदाज इनसीमच्या दोन तृतीयांशाला थोडा कमी, म्हणजे ४९ च्या आसपास. ५४ माझ्यासाठी नव्हतीच.

स्टेम छोटा करून हे का भागत नाही, ते काकांनी समजावलं. फ्रेम मोठी असली की सीट आणि हँडलमधलं अंतरच जास्त असतं. स्टेम फार आखूड केला तर हँडल चंचल होतं, उतारावर जरा हात हलला की सायकल वळते. शिवाय सिग्नलला खाली उतरून उभं राहावं तर वरची नळी अंगाला टेकते. तीन तास खांदे ताणून बसल्यावर मान आणि तळहात जे बोलतात ते कार्बन असो की १०५, कुणालाच गप्प करता येत नाही. मी त्या सायकलला नाही म्हटलं. मनाला फार लागलं, पण या सगळ्या खरेदीत मी केलेली सर्वांत योग्य गोष्ट हीच.

ट्रायथलॉन बाईकचाही विचार आला होता. तिच्यात सीटची नळी जास्त उभी असते, ७६ ते ७८ अंश. रोड बाईकला साधारण ७३. उभ्या नळीमुळे माणूस पुढे झुकला तरी कंबरेपाशी पाय दुमडत नाहीत, आणि नंतरच्या धावण्याला ते बरं पडतं. पण कोपरं हँडलवरच्या दांड्यांवर टेकवून, हात ब्रेकपासून लांब ठेवून सातपूरच्या ट्रकांमधून जायचं? शिवाय ग्रुपमध्ये चालवायला ती कामाची नाही. ऑलिंपिकमधले ट्रायथलीटही रोड बाईकच चालवतात, कारण तिथे एकमेकांच्या मागे राहायला मुभा असते. पहिली सायकल रोड बाईकच असावी, हे माझं ठाम मत झालं आहे. हवेच तर एरोबार, म्हणजे ते कोपर टेकवायचे दांडे, पुढे तिच्यावरच लावता येतात.

एप्रिल

पाच आठवडे शोधल्यावर ४९ ची मिळाली. अ‍ॅल्युमिनियम फ्रेम, पुढचा फोर्क कार्बनचा, शिमानोचा सोरा ग्रुपसेट, मागे ९ गिअर. मागणी ४२ हजार होती. काका बरोबर आले आणि येताना खिशात स्टीलची फूटपट्टी घेऊन आले.

आधी सायकल उलटी करून फ्रेम बघितली: हेडट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खालचा जोड, क्रँकच्या वरचे वेल्डिंग, मागच्या चाकाजवळचे कोपरे. केसाएवढी चीर किंवा रंगाला सुरकुती दिसली तर तिथूनच परत फिरायचं. मग सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, काढून दाखवायला लावला. तो फ्रेममध्ये जाम झालेला असेल तर पुढे फार त्रास होतो. चाकं फिरवली, मागचं थोडं आउट होतं, म्हणजे फिरताना डगमगत होतं, ते काढता येतं. फ्रेमवरचा नंबर मूळ बिलाशी ताडून पाहिला. शेवटी फूटपट्टी चेनवर ठेवली. नव्या चेनच्या १२ पूर्ण कड्या (आतली-बाहेरची मिळून एक) पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढ दिसली तर चेन बदलायची, १/८ दिसली तर कॅसेटही (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) गेली असं समजायचं. इथे पिन पट्टीच्या रेघेपुढे चांगली १/८ सरकलेली होती. मालकाला स्वतःला ते ठाऊक नव्हतं. त्यांनी ओणवं होऊन दोनदा वाचलं आणि काही न बोलता ३८ हजार सांगितले.

कॅसेट बदलायचीच होती, तर ११-२५ काढून ११-३२ टाकली. हे आकडे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांचे. पुढे ५०-३४ आहे. चढावर ताशी ९ किमीने जाताना ११-२५ वर पाय मिनिटाला ५२ फेरे मारतात, ११-३२ वर ६७. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. नांदुरीहून सप्तशृंगी गडाच्या १० किमी घाटात तो गुडघ्यांना कळतो.

उरलेल्या पैशांत हेल्मेट, क्लीटचे, म्हणजे पॅडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीचे, बूट आणि तसे पॅडल, प्रेशर गेज असलेला फ्लोअर पंप, ब्रेक पॅड, दोन ट्यूब, मागचा लाल दिवा. ६० हजारांत सगळं बसलं, वर साडेसातशे उरले.

मे-जून

पहिले दोन आठवडे साध्या पॅडलवर चालवली. मग क्लीट. सातपूरच्या सिग्नलला डावा पाय सुटला नाही आणि मी उभ्याउभ्या आडवी झाले, कोपर सोललं. एका रिक्षावाल्या दादांनी सायकल धरली तेव्हा पाय निघाला. आता सिग्नल दिसला की ५० मीटर आधीच डावी टाच बाहेर फिरवते, आणि पॅडलमधला स्प्रिंगचा स्क्रू सर्वांत सैल ठेवला आहे. नव्यांनी आधी भिंतीला धरून शंभर वेळा अडकवून-सोडवून बघावं.

अंजनेरीजवळ पंक्चर झालं तो दिवस मात्र शिकवून गेला. ट्यूब बदलली, पण हातपंपाने ४० पीएसआयच्या पुढे हवा जाईना. मला ८५ लागते. टपरीवरच्या काकांनी कॉम्प्रेसरचा पाइप आणला आणि व्हॉलकडे बघत राहिले. रोड बाईकचा प्रेस्टा व्हॉल बारीक असतो, टोकाला छोटं पितळी नट, ते सैल केल्याशिवाय हवा जात नाही. त्यांचं नोझल मोटारसायकलचं, जाड. त्यांनी दोन बोटांत तो व्हॉल धरून नट खाली-वर फिरवून बघितलं, मग कापडाची चिंधी गुंडाळून प्रयत्न केला, तोही फसला. मी ४० वरच हळूहळू घरी आले. पितळी अ‍ॅडॉप्टर पन्नास रुपयांना मिळतो, हरभऱ्यापेक्षा जरा मोठा. दोन घेतले. एक सीटखालच्या पिशवीत, दुसरा त्या काकांना नेऊन दिला. त्यांनी तो तारेला अडकवून टपरीच्या दारावर टांगून ठेवला आहे. त्या रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही वापरता येईल.

ऑगस्ट

पावसाळ्यात त्र्यंबककडे जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. तरी मागच्या रविवारी तेच ५६ किमी २ तास २२ मिनिटांत झाले. ३३ मिनिटं कमी! हे सगळं सायकलचं श्रेय नाही, सहा महिन्यांचा सरावही त्यात आहे, पण ड्रॉपवर (हँडलच्या खाली वळलेल्या भागावर) वाकून वाऱ्याखाली शिरता येतं हे हायब्रिडवर कधीच जमलं नसतं.

जुलैत डाव्या गुडघ्याच्या वाटीपुढे दुखायला लागलं. मोजलं तर सीट ६४.५ वर होती, पोस्ट हळूहळू खाली सरकला होता. पुन्हा ६५.३ वर घेतली, क्लॅम्प नीट आवळला आणि पोस्टवर टेपची रेघ मारली. दहा दिवसांत दुखणं गेलं.

आता ब्रिक सुरू आहेत: ४० किमी सायकल आणि लगेच ५ किमी धावणं. पहिल्या खेपेला पहिला किलोमीटर ७:५० मध्ये, पाय लाकडाचे. काल चौथी खेप, पहिला ६:५५, शेवटचा ६:२०. सायकलच्या शेवटच्या १० मिनिटांत गिअर हलका करून मिनिटाला ९० फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवले तर धावताना फरक पडतो, हे चारही वेळा लिहून ठेवलं आहे.

एक गोष्ट राहिली आहे. हँडल ४२ सेंटीमीटरचं आहे आणि माझे खांदे हाडापासून हाडापर्यंत ३७ भरतात. तासाभराने मानेच्या उजव्या बाजूला ओढ बसते. ३८ चं टाकायचा विचार आहे. माझ्या उंचीच्या कुणी ४२ वरून ३८ केलं असेल तर स्टेमही बदलावा लागला का, ते सांगा. केबल आणि टेप एकदाच उघडायचे आहेत.