तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर झाल्यासारखं नक्की कधी वाटलं?

कुणाच्या वास्तुशांतीला गेलं, रंकाळ्यावर ओळखीचं कुणी भेटलं, की हा प्रश्न येतोच. ज्यांची मुलं नीटच्या तयारीत आहेत, ते तर हमखास विचारतात. पदवी हातात पडली तेव्हा, असं मी म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असते.

कोल्हापुरात राहून मला तसं म्हणवत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या, तेव्हा इथल्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. रुजू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्या पुण्यात वारल्या. अवघ्या एकवीस वर्षांच्या. एवढ्या हालअपेष्टा सोसून ज्यांच्यासाठी शिकल्या, ते इथले पेशंट भेटायचे राहूनच गेले. ही गोष्ट मला फार लागते.

साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, हा झाला कागदावरचा हिशोब. सुरुवातीला माझं सगळं लक्ष माझ्यावरच होतं. डिसेक्शन हॉलमध्ये पहिल्या दिवशी देहदान केलेल्यांसमोर शपथ घेतली तेव्हा अंगावर काटा आला होता, पण लगेच नसांची नावं आणि व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, यांनी डोकं व्यापलं. पुढं वॉर्डात पोस्टिंग लागलं. ‘स्प्लीनची चांगली केस आलीय’, म्हणजे पाणथरी वाढलेला पेशंट आलाय, असं कळलं की आम्ही पाच-सहा जण त्या खाटेभोवती. उजव्या कुशीच्या खालून सुरुवात करायची, पेशंटला मोठा श्वास घ्यायला सांगायचं आणि प्रत्येक श्वासागणिक बोटं डाव्या बरगडीकडं सरकवत न्यायची. पाणथरी बोटांना लागली की आनंद व्हायचा. ती कुणाची, हे केसपेपरवर असायचं. यात वाईट काही नाही. हात असाच तयार होतो आणि आपलं पोट पुन्हा पुन्हा दाबू देणाऱ्या त्या माणसांचे उपकार फिटण्यासारखे नाहीत.

बदल झाला तो इंटर्नशिपमध्ये, पावसाळ्यात. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या बाजूंनी सर्पदंशाचे पेशंट यायला लागले. घोणस चावल्याचा संशय असला की एक साधी तपासणी करतात. काचेची कोरडी, स्वच्छ नळी घ्यायची. प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेलीही चालत नाही. त्यात दोन मिली रक्त घेऊन वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती एकदाच आडवी करून बघायची. रक्त गोठलं नसेल, नुसतं वाहिलं, तर विषानं रक्त गोठवणारे घटक संपवलेत असं समजून सापाची लस सुरू करायची. लसीचीच रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून ती आवरायला अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन हाताशी भरून ठेवायचं. सहा तासांनी नळी पुन्हा लावायची.

ती वीस मिनिटं मी नळीजवळ उभी राहून घड्याळ बघायची. एका सिस्टरनी मला हळूच सांगितलं, “मॅडम, नळी कुठं जात नाही. पेशंटकडं बघा.” खाटेवर उसाला पाणी पाजताना घोट्याला दंश झालेला एक शेतकरी होता. मी सूज कुठवर आलीय तिथं पेनानं रेघ मारली, हिरड्यांतून रक्त येतंय का बघितलं, लघवी कुठल्या रंगाची झाली ते विचारलं. पायावर दोरी करकचून बांधलेली होती. ती एकदम सोडायची नसते, म्हणून सरांना बोलावलं. त्याच्या बायकोला तोवर कुणीच काही सांगितलं नव्हतं. तिला समजावून सांगितलं आणि वीस मिनिटं कधी झाली ते कळलं नाही.

त्याच पावसाळ्यात एक पोरगा पहाटे पोटात दुखतंय म्हणून आला. अंगावर खूण नाही, सूज नाही, साप बघितलेला नाही. बोलताना त्याच्या पापण्या जड वाटल्या. “रात्री जमिनीवर झोपला होतास काय रे?” विचारलं तर हो म्हणाला. मण्यार असंच करते. झोपेत चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. सरांना फोन लावला, ते येईपर्यंत त्याला एका श्वासात आकडे मोजायला लावत राहिले. आकडा खाली यायला लागला तर श्वासाचे स्नायू दमताहेत असं समजायचं आणि ट्यूब टाकायची तयारी ठेवायची. त्याचा आकडा खाली येत गेला. लस चालू झाली, तो व्हेंटिलेटरवर गेला आणि काही दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला. त्या पहाटे सर मला काय विचारतील हा विचार मनात आलाच नाही. हे माझ्या लक्षात आलं ते ड्यूटी संपवून दसरा चौकात चहा पिताना. तुम्ही विचारता ते ‘कधी’ म्हणून मला एवढंच सांगता येतं.

यावर आईवडील विचारतात, आमच्या मुलाला जमेल का? मार्कांवरून मला ते सांगता येत नाही. घरात आजी आजारी पडली तर तो तिच्याजवळ जाऊन बसतो का, एवढं मी विचारते. आज बसत नसला तरी त्याला येऊ द्या. मीही बसायची नाही. मला ते वॉर्डानं आणि त्या सिस्टरांनी शिकवलं, आणि ते शिकायला बरीच वर्षं लागली.