लोटस ९९टी, पण ११ नंबरची: काम कुठवर आलं

मागच्या खेपेला गाडी, म्हणजे १९८७ च्या लोटस ९९टी या फॉर्म्युला वन गाडीचं माझं प्लास्टिक मॉडेल, राखाडी प्रायमरवर (रंगाखालच्या अस्तरावर) होती. आता पिवळी झाली आहे, पण मधे एकदा सगळी घासून काढावी लागली. चूक माझीच. राखाडीवर पिवळा मळकट, हिरवट दिसतो हे ठाऊक असूनही 'दोन हात जास्त देऊ' म्हणत रेटलं. त्यात पावसाळी हवा. दुसऱ्याच हाताला लॅकरवर पांढुरकी साय धरली. मग १२०० नंबरच्या वॉटर पेपरने उतरवणं, पांढरा प्रायमर, फिकट गुलाबीचा एक हात आणि त्यावर पिवळ्याचे सहा पातळ हात. गुलाबीने पिवळ्याला ऊब येते. विश्वास नसेल तर आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. १/२० च्या (मूळ गाडीच्या विसाव्या हिश्श्याच्या) किटात लोटसच्या दोन्ही चालकांचे नंबर असताना आयर्टन सेनाची १२ सोडून सातोरू नाकाजिमाची ११ कोण करतं?

मी करतो, कारण गाडी एकच आहे. तोच होंडाचा दीड लिटर टर्बो व्ही६, तेच संगणकावर चालणारं ॲक्टिव्ह सस्पेन्शन (रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा). १९८७ मध्ये सेनाने तिच्यातून मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं, मोसमात ५७ गुण मिळवले. नाकाजिमाचे गुण ७. हे आकडे शेजारी ठेवून लोक हसतात. पण हा माणूस ओकाझाकीच्या शेतकरी घरातला, जपानच्या फॉर्म्युला टूचा (फॉर्म्युला वनच्या खालची मालिका) पाच वेळा विजेता, आणि फॉर्म्युला वनमधल्या पहिल्या शर्यतीच्या वेळी वय ३४. होंडाचं इंजिन आलं म्हणून त्याला जागा मिळाली, हे खरंच आहे. मात्र बहुतेक ट्रॅक नवे, आणि त्याच गॅरेजात दुसऱ्या गाडीत सेना. अशा वेळी पहिल्या वर्षात सहावा, पाचवा, चौथा आणि पुन्हा सहावा येणं मला तरी कमी वाटत नाही.

मी करतोय ती गाडी इंग्लंडातल्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीतली आहे, जुलै १९८७. मॅन्सेल, पिके, सेना, नाकाजिमा: पहिले चारही होंडा इंजिनवाले. आपला गडी दोन फेऱ्या मागे होता, तेही सांगून टाकतो. त्या मोसमातली गाडीवरच्या कॅमेऱ्याची बरीचशी दृश्यं त्याच्याच गाडीतली आहेत. कॉकपिट रंगवताना ती लावून ठेवतो. हात स्टिअरिंगवर किती झगडतात ते बघितलं की सीटबेल्ट कागदाचे न करता शिशाच्या पातळ पत्र्याचे करावेसे वाटतात. केलेही. बकल्स अजून राहिलेत.

इंजिन झालं. टर्बोच्या पाइपांना जळकट रंग देताना निळा जरा जास्त झाला, पण इंजिन कव्हर लावल्यावर दिसणार नाही, तेव्हा सोडून दिलं.

नाकाजिमाची सर्वांत मोठी शर्यत खरं तर या गाडीतली नव्हेच. ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड, १९८९. धो धो पाऊस, लोटस १०१, होंडाचं इंजिन जाऊन 'जड' (Judd) कंपनीचं बिनटर्बोचं साधं व्ही८ आलेलं. तेविसाव्या जागेवरून सुरुवात आणि पहिल्याच फेरीत गिरकी घेऊन सगळ्यांच्या मागे. तिथून चौथा, तिसऱ्या पात्रेसेच्या पाठीवर, वर शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी त्याची. पावसात घोड्याच्या ताकदीपेक्षा स्वाराचा हात लागतो, एवढंच म्हणेन. पुढे टिरेल संघात दोन मोसम काढून १९९१ अखेर तो थांबला. एकूण गुण १६. थोरला मुलगा काझुकी फॉर्म्युला वनमध्ये विल्यम्सकडून धावला आणि नंतर टोयोटातून सलग तीन वेळा ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकला. आणि १९८७ च्या जपानमधल्या सुझुका शर्यतीला, जिथे नाकाजिमा सहावा आला, प्रेक्षकांत दहा वर्षांचा ताकुमा सातो होता. तोच पुढे दोनदा इंडियानापोलिस ५०० ही अमेरिकेतली मोठी शर्यत जिंकला. ते मॉडेल नंतर कधीतरी.

परवाची फजिती. डेकल शीट (पाण्यात भिजवून गाडीवर चिकटवायच्या नंबर-चित्रांचा कागद) माझ्याच कपाटात वर्षानुवर्षं दमट हवेत पडलेली, पाण्यात सोडताच नाकावरच्या ११ चे तुकडे झाले. एक १ बचावला, दुसरा गेला. रात्री बराच वेळ डोकं धरून बसलो. मग शीटवर सेनाचा न वापरलेला १२ दिसला. नव्या पात्याने त्यातला १ अलगद कापला, वरून डेकलसाठीचं क्लिअर (पारदर्शक लेप) मारलं, दोन दिवस सुकू दिलं आणि कोमट पाण्यातून उचलून जागेवर बसवला. अंतर केसभर जास्त पडलंय. भिंगाशिवाय कळत नाही.

उरलेला २ फेकला नाही. त्याचं काय करता येईल ते सुचवा. क्लिअर कोट ऊन पडल्यावर.